टेबलावर राहिलेली नळी

म्हाताऱ्या घड्याळजींच्या दंडाला रबरी पट्टा आवळताना प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ मुलीला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. शीर लगेच सापडली. रक्त भरताच तिने नळी बर्फात खोचली आणि वेळ लिहून ठेवली.

मागच्या खेपेला नेमकं हे बर्फात ठेवायचंच राहून गेलं होतं. फुप्फुसातला क्षय किती जोरात आहे, हे रक्तातल्या अमिनो आम्लांवरून ओळखता येईल का, याचा अभ्यास त्या प्रयोगशाळेत चालला होता. औषध लागू पडलं की त्या आम्लांचे आकडे हळूहळू ताळ्यावर येताना दिसत. घड्याळजींचेही येत होते. चौथ्या महिन्यात एकदम बिघडले. तिने मागचापुढचा विचार न करता त्यांच्या सुनेदेखत त्यांना फैलावर घेतलं. गोळ्या तुम्ही चुकवायच्या आणि घोर घरादाराला, असंही बोलून गेली. म्हातारा मान खाली घालून पुटपुटला होता, "होत असेल चुकून."

परवा नोंदी चाळताना तिच्या लक्षात आलं. ती नळी जेवणाची सुट्टी संपेपर्यंत टेबलावरच पडून होती, आणि रक्त असं राहिलं की आकडे आपोआप हलतात. बेडक्याची तपासणी तर स्वच्छच आली होती. तिने मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "त्यांनाही सांगा," एवढंच म्हणाले.

कापसाचा बोळा दाबून धरत तिने सांगितलं. सुनेलाही आत बोलावून सगळं पुन्हा सांगितलं. सून कानकोंडी होऊन पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"मग तेव्हा हो का म्हणालात, काका?" बोळ्यावरून हात काढत तिने विचारलं.

"तुम्ही मशीनवर बघून सांगत होतात. म्हटलं, मीच विसरलो असेन."

रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून सकाळच्या गोळ्या राहिल्या होत्या. सुनेने त्या स्वतःच्या पर्समधून काढून दिल्या. घड्याळजींनी त्या एकेक करून गिळल्या, पेला खाली ठेवला आणि त्या दिवसापासून घरी लागलेल्या सवयीने सुनेकडे वळून तोंड उघडलं. जीभ उचलून दाखवली, मग डावा गाल, मग उजवा.

"मिटा, बाबा," सून म्हणाली.