शेंदराचं बोट

घरात कोणाला देवी आल्या की भातकुली गावात फोडणी बंद होते. कांदा चिरत नाहीत, चपला घालून कोणी आत येत नाही, आणि रोगाचं नाव तर चुकूनही घेत नाहीत. 'आई आली' एवढंच म्हणायचं. चंद्रभान माळ्याच्या घरात त्यामुळे नुसता कडुनिंबाचा वास भरला होता. ओसरीवर झेंडूचा हार ओवत बसलेल्या जयवंताला त्या सकाळी निंबाच्या वासातून लिंबाचा वास आला आणि सुई फुलाऐवजी बोटात शिरली.

लिंबू कोणी कापलं हे तिला विचारावं लागलं नाही. तिची माय, मनकर्णाबाई. कशासाठी कापलं तेही विचारावं लागलं नाही.

जयवंता ही चंद्रभानची बहीण. लहानपणी तिलाही देवी आल्या होत्या, तेव्हापासून ती आंधळी. गाव मात्र तिला आंधळी म्हणत नसे. 'देवीनं हिचे डोळे ठेवून घेतले' असं म्हणे. कोणाची शेळी हरवली की बाया तिला विचारायला येत. "मले काय माईत? मी काय शेळीमागं गेली होती?" असं ती फटकारायची, तरी पायाला हात लावून जात. आणि त्याच बाया लग्नात हळद लागताना तिला मागच्या दाराशी नेऊन बसवत. देवीची म्हणून पाया पडायचं आणि आंधळी म्हणून समोर नको, असा सगळा न्याय! जयवंताला दोन्हींचा सारखाच संताप यायचा.

या सगळ्यात तिला साधं माणूस समजणारी एकच होती, चंद्रभानची धाकटी पोर शकुन. मोगरा म्हणून निंबाची फुलं आत्याच्या हातावर ठेवायची आणि आत्या फसली की टाळ्या पिटायची. जयवंता मुद्दाम फसायची.

देवी टोचणारा सरकारी माणूस गावात आला, तेव्हा मनकर्णाबाईनं नातीला वांग्याच्या वाफ्यात लपवलं होतं. आता तीच शकुन आतल्या खोलीत तापानं फणफणत होती. अंगभर फोड होते आणि पापण्या सुजून घट्ट मिटल्या होत्या.

यावर मनकर्णाबाईकडे एक उपाय होता. शितलामायच्या ठाण्यावरचा शेंदूर लिंबाच्या रसात खलून डोळ्यांत घालायचा. डोळ्यांत आपलाच शेंदूर दिसला की आई ते डोळे नेत नाही.

हा उपाय जयवंताच्या डोळ्यांत उतरलेला होता. मायनं अंगठ्यानं तिची सुजलेली पापणी उघडली होती, तेव्हा तिला दिसलं होतं. चांगलं लख्ख दिसलं होतं. छपराचा बांबू दिसला, मायच्या नाकातली फुली दिसली, आणि जवळ येणारं मायचं लालभडक बोट. मग डोळ्यांत निखारे पडल्यासारखी आग, आणि त्यानंतर काही नाही. तिचे डोळे देवीनं नेलेच नव्हते. पण हे तिनं कोणाला सांगितलं नाही, मायला तर नाहीच. माय आजवर गावभर रडत आली होती, "माह्या हातून येळ झाला व, नाहीतं पोरीचे डोळे वाचले असते." त्या मायला खरं काय ते कोणत्या तोंडानं सांगायचं?

आत वाटीत बोट फिरू लागलं.

"दादा, मायले थांबव," ती अंगणात पाणी शेंदणाऱ्या चंद्रभानला म्हणाली.

"बायकाईच्या कामात मी नाही पडत," तो म्हणाला आणि बादली उचलून मळ्याकडे गेला. एवढा बाप्या गडी, पण मायसमोर त्याची बोलती बंद.

भिंत धरत धरत जयवंता आत गेली. वहिनी कौशल्या पोरीचं डोकं मांडीवर घेऊन हुंदके देत होती. शेजारची गोदाबाई हात जोडून काहीतरी पुटपुटत होती.

"माय, नोको घालू."

"काहून?" मनकर्णाबाई म्हणाली. "तुह्या येळी उशीर झाला. आता नाही होऊ देत. कौसल्ये, डोकं धर घट्ट."

"पोरीले झोंबन, माय."

"झोंबू दे. डोळे गेल्यापरीस बरं."

शकुन कण्हली. "आत्या," तिनं हाक मारली.

खरं सांगितलं तर माय जिवंतपणी मरेल, आणि मेली तरी ऐकणार नाही. त्या घरात माणसाचं ऐकत नव्हते, देवीचं ऐकत होते. अंगात आलेल्या बाईचं तोंड कसं होतं, डोळे कसे फिरतात, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. नवरात्रात ऐकलं होतं तेवढंच. सोंग उघडं पडलं तर?

तिनं अंबाडा सोडला, केस तोंडावर घेतले आणि दातांतून श्वास ओढत घुमायला लागली.

"आली व माय, आई आली!" गोदाबाई किंचाळली.

"माहा शेंदूर माह्याच लेकराच्या डोळ्यात घालता?" जयवंता गरजली. आपलाच आवाज तिला ओळखू येईना. "फेका तो! साध्या पान्यानं डोळे धुवा! बोट लावलं तं घर सोडनार नाही मी!"

वाटी जमिनीवर पडून गोल फिरत राहिली. मनकर्णाबाई तिच्या पायांवर पडली. मायचं कपाळ आपल्या पायाला लागल्यावर जयवंताला रडू फुटलं. बाया समजल्या, आईच रडते आहे.

मग सुरू झालं वाट पाहणं. पापण्या उघडेनात. फोड डोळ्याच्या आत असले तर? पोर आंधळी झाली तर ते आपल्यामुळेच, असं वाटून जयवंता पोरीच्या उशापासून हलेना. दारात नारळ घेऊन बाया यायला लागल्या होत्या. तिला त्यांच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा सहन होईना.

खपल्या धरल्यावर एका सकाळी ती शकुनच्या उशाशी बसली होती.

"आत्या," पोर खरखरत्या आवाजात म्हणाली, "तुह्या पदरावर मुंगळा चढून राहिला."

जयवंतानं पदर चाचपला. मुंगळा होता. तो तिला कडकडून चावला, आणि ती हसत सुटली. चावऱ्या मुंगळ्यावर इतकं प्रेम भातकुलीत कोणी केलं नसेल.

त्या दिवशी दुपार कलल्यावर मनकर्णाबाई ओसरीवर तिच्याजवळ येऊन बसली. फुलं निवडू लागली.

"जयवंते, आई माह्या शेंदरावर कोपली. मंग तुह्या येळी काहून नाही कोपली?"

जयवंताचा दोरा थांबला. "तवा उशीर झाला होता, माय. तूच तं म्हनते."

"म्या पापनी उघडली, तवा तुले दिसत होतं काय व?"

"नाही. काईच नाही."

मनकर्णाबाईच्या हातातली फुलं टोपलीत पडली.

"मंग तवा 'माय, तुह्या बोटाले रगत लागलं' असं तुनं काहून म्हटलं होतं?"

आपण असं म्हटल्याचं जयवंताला मुळीच आठवत नव्हतं. मायला आठवत होतं. ती चाचपडत मायचा हात शोधू लागली. माय हात देईना.