खळीने चिकटवलेलं पान

मला हातात घेतलंत की आधी वाटेल, आपणच पुस्तक उलटं धरलंय. तसं नाही. मीच उलटा आहे. माझी पानं पायांवर उभी आणि पुठ्ठा डोक्यावर. मी एक चित्रांचं पुस्तक, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलतोय. इतकी वर्षं दुसऱ्यांची गोष्ट पोटात घेऊन बसलो होतो.

माझा जन्म पुस्तकबांधणीच्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलांशी बसून बायका छापील कागदांच्या घड्या घालायच्या, त्या घड्या, म्हणजे फर्मे, एकावर एक रचायच्या, शिवायच्या. त्यांतल्याच एका वयस्कर बाईच्या हातून मी घडलो. सगळे तिला मावशी म्हणत. एकतीस वर्षं तिने पुस्तकं शिवली आणि त्यांतलं एकही वाचलं नाही. तिला अक्षरओळखच नव्हती. मग जुळणी कशी चुकत नसे? प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते. त्या खुणा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत गेल्या की पुस्तक बरोबर. मावशीला तेवढ्यावर भागायचं.

माझ्या वेळी खुणा बरोबर होत्या, पुठ्ठा चुकला. घरी नात तापाने फणफणली होती, मावशीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मुकादम मला बघून हसत सुटला.

"मावशी, पुस्तकाला शीर्षासन शिकवलंत की काय?"

"चुकलं रे बाबा. कापून घे माझ्या मजुरीतून."

"राहू दे. एवढं न्या नातीला. हसेल तरी बिचारी."

अशा रीतीने मी रद्दीत जायचा तो एका घरात गेलो.

घर दोन खोल्यांचं. पुढचं दार रस्त्यावर, मागचं बोळात, स्वयंपाकघरातून. मावशी कामावरून यायची ती नेहमी मागच्या दाराने, कारण नळ तिथे होता आणि कागद चिकटवायच्या खळीने बरबटलेले हात धुतल्याशिवाय ती कशाला शिवायची नाही. नात मात्र पुढच्या पायरीवर बसून वाट बघायची. रोज! आत चहाचं भांडं वाजलं की दचकून उठायची आणि ओरडत पळायची, "आजी, तू पुन्हा मागून आलीस! फसवलंस!" साखरेच्या डब्यात सदा हात, म्हणून आजी तिला मुंगी म्हणायची.

माझ्या पोटातली गोष्ट एका आजीची आणि नातीची. दोघी उलट्या छत्रीत बसून गावाच्या छपरांवरून जातात. वाटेत ढग विकणारा भेटतो, मनोऱ्याच्या घड्याळात राहणारा मासा भेटतो, सर्दी झालेलं अस्वल भेटतं. मुंगीची आजी चित्रं बघून सांगायची आणि रोज वेगळं सांगायची. अस्वल हळूहळू मुकादमासारखं बोलायला लागलं. ढगवाला उधार देईना. माझ्या छापील ओळी मला पाठ होत्या, पण खरं सांगतो, आजीची गोष्ट जास्त चांगली होती.

फक्त शेवटच्या पानाशी ती अडली. त्या चित्रात नात पुढच्या दाराच्या पायरीवर एकटी उभी आहे, मान वर करून बघतेय आणि आकाशात छत्री चाललीय. रिकामी.

चार वर्षांच्या मुंगीने विचारलं, "आजी कुठे गेली?"

आजीने पान जवळ घेतलं, लांब धरलं. मुंगीने भोकाड पसरलं. "पडली का ती? देवाघरी गेली का?" संध्याकाळभर ती आजीच्या पदराचं टोक सोडेना.

त्या चित्राखाली दोन ओळी होत्या. कुणीतरी त्या वाचायला हव्या होत्या. मुंगीची आई तिकिटांच्या खिडकीवर कामाला होती, पाळी संपवून दमून यायची. तिला विचारलं असतं तर क्षणात उलगडा झाला असता. पण आपल्याला वाचता येत नाही हे नातीसमोर उघडं पडेल, याची आजीला लाज वाटायची. आणि देवाने मला गोष्ट दिली, जीभ नाही दिली.

दुसऱ्या दिवशी आजीने वाटीत थोडी खळ आणली. माझी शेवटची दोन पानं समोरासमोर मिटवून फक्त कडांना बोटभर लावली, चित्राला थेंबही लागू दिला नाही. वर लाटणं फिरवलं.

"डिंक का नाही लावलास?" मुंगीने विचारलं.

"डिंक एकदा धरला की सोडत नाही, फाडूनच काढावा लागतो. खळ शहाणी असते. ओलं फडकं ठेवायचं, शंभर आकडे मोजायचे, ओढायचं नाही. आपणहून सोडते."

"मग कधी सोडवायची?"

आजीने हात जोडले. तिचे नेम असेच, बसल्या जागी घेतलेले. "तू न अडखळता वाचायला लागलीस की आपण दोघी मिळून उघडू. तोवर माझ्या चहात साखर नाही."

मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं, अगं, उघड! तू समजतेस तसं नाहीये ते! पण पानं मिटली होती.

मुंगी शाळेत गेली. एका दुपारी तिने बोट ठेवून अस्वलाचं पान वाचलं आणि मान वर केली. "आजी, इथे मुकादम नाहीये."

आजीचा चेहरा उतरला. "तो... पानामागे असतो."

मुंगीने आजीकडे पाहिलं. पोरीला काय कळायचं ते कळलं. ती म्हणाली, "हां, दिसला. पुढे सांग." त्यानंतरही तिने कधी ते बोलून दाखवलं नाही. लेकरांना देव केवढं शहाणपण देतो.

साडेतीन वर्षं आजी बिनसाखरेचा चहा प्यायली. शेवटी एका शुक्रवारी मुंगीने धड्याचं अख्खं पान एका दमात वाचलं. आजीने तिची अलाबला घेतली. रविवारी पान उघडायचं ठरलं. शनिवारी कारखान्यात आजीच्या छातीत कळ आली.

इस्पितळात मुलांना आत सोडत नसत. मुंगीने मला आईच्या पिशवीत घातलं. आजीने खाटेवर मला छातीशी धरलं तेव्हा तिच्या बोटांना अजून खळीचा वास होता.

मुंगीची आई म्हणाली, "आई, दे इकडे. मी उघडून वाचते तुला."

"नको गं. मुंगीला शब्द दिलाय."

"अगं, पण..."

"शेवट काय आहे ते मला ठाऊक आहे," आजी म्हणाली. "तिच्यासोबत असेन तेव्हा ती रडणार नाही."

ठाऊक नव्हतं, हो! तिला ठाऊक नव्हतं! लेक हातभर अंतरावर, वाचता येणारी, आणि मी उशाशी मिटलेला. सोमवारी सकाळी आजी गेली. माझ्या शेवटच्या पानावर काय आहे हे न कळताच गेली.

मुंगीने मला कितीतरी दिवस हात लावला नाही. मी फळीवर धूळ खात होतो. एका संध्याकाळी तिने मला खाली घेतलं. फडकं ओलं करून पिळलं, कडांवर ठेवलं आणि मोजायला लागली. शंभर. खळ सुटेना. पुन्हा शंभर. तिने ओढलं नाही. तिसऱ्या शंभराला पानं आपणहून वेगळी झाली.

पायरी, नात, रिकामी छत्री. मुंगीने बोट ठेवून मोठ्याने वाचलं, न अडखळता.

"छत्रीत आजी नव्हती. ती केव्हाच मागच्या दाराने घरात आली होती आणि चहाचं आधण ठेवत होती."

आणि चित्रातल्या खिडकीतून खरंच वाफ निघत होती. एवढीशी. आजीने तिला ढग समजून सोडून दिलं होतं.

मुंगी उठली. स्वयंपाकघरात गेली आणि तिने मागच्या दाराची कडी काढली.

"कोण आलंय गं?" आईने विचारलं.

"कुणी नाही."

आई मला उचलून उभ्या उभ्या वाचू लागली. ओळी दोनच होत्या, पण तिला फार वेळ लागला. मग तिने चहा टाकला. तीन कप मांडले. तिसऱ्यात साखर घातली, एक चमचा, थांबून अजून एक, आणि तो कप मागच्या पायरीवर ठेवला.

"नेम पुरा झाला, आई," ती म्हणाली.

आता मी मागच्या दाराजवळच्या फळीवर असतो. कडांवर खळीचे पांढरे डाग आहेत, ते पुसू नका. तुमच्या घरी कुणी चित्रं बघून गोष्ट सांगत असेल, तर ती गोष्ट ऐका. मग हळूच शेजारी बसून खालच्या ओळीही वाचून दाखवा. त्यांनी मागितलं नाही तरी. लाजेने मिटलेलं माणूसही कधी ना कधी आपणहून उलगडतं. आपण फक्त ओढायचं नाही, आणि उशीर करायचा नाही.

संध्याकाळ झाली. मुंगीने कडी काढलीय.