न बघता दिलेला पास

बास्केटबॉलच्या मैदानावर पास देताना माझी धाकटी बहीण कुणाकडे बघायचीच नाही. मी बास्केटखालच्या मोकळ्या जागेत पोचायचा अवकाश, चेंडू हजर. घरात या बाईला नाकावरचा चष्मा सापडायचा नाही आणि मैदानात पाठीमागचंसुद्धा दिसायचं. ती आमची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारी. आमच्या सरांनी अख्खा संघ तिच्याभोवती बांधला होता. आम्ही चौघींनी नुसतं पळत राहायचं, हात तयार ठेवून, एवढीच त्यांची शिकवण.

मग शहरातल्या मोठ्या क्लबने तिला उचललं. एका मोसमाचा करार, चमकली तर पुढचा. आईबाबांना आकाश ठेंगणं झालं. मीही चारचौघांत मिरवून घेतलं.

तिथली तऱ्हा वेगळी होती. प्रत्येकीची जागा ठरलेली. गार्डने चेंडू उंच मुलींकडे सोपवायचा आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. ही सवयीने मोकळ्या जागेत पास द्यायची आणि तिथे कुणी नसायचंच. चेंडू सरळ बाहेर, एकदा तर स्वतःच्याच कॅप्टनच्या कानावर. लोक हसले. कोच वाईट असता तर शिव्या तरी घातल्या असत्या, पण तो बिचारा शांतपणे समजावायचा की आधी थांब, बघ, मग दे. आमची बाई लहानपणापासून सांगितलेलं मनावर घेणारी. तिने तेच गिरवलं. चुका थांबल्या. मोसम संपल्यावर क्लबने कळवलं, मुलगी मेहनती आहे, पण विशेष काही दिसलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी तिला म्हटलं, परत ये, इथे सगळं होतं तसंच आहे. ती आली. सरांनी पहिल्याच दिवशी जुनी चाल खेळायला लावली. मी बास्केटखाली धावले, पण चेंडू आला नाही. वळून पाहते तर ती चेंडू धरून उभी, माझ्याकडे बघत. पुन्हा धावले, पुन्हा तेच. सर मान खाली घालून उभे होते. मला रडू यायला लागलं. शेवटी धापा टाकत मी तिच्याजवळ गेले.

"अगं, दे ना. मी असतेच की तिथे."

"माहितीये गं ताई," ती म्हणाली. "पण हात थांबतात."

आणि नीट बघून तिने चेंडू माझ्या हातात ठेवला.