तापलेलं बॉनेट

"बाबा, ही गाडी माझ्यापेक्षा मोठी आहे, तर मी हिला ताई म्हणायचं का?"

प्रश्न माझा नव्हता. शाळेच्या फाटकापाशी, सगळ्यांच्या देखत मी तो विचारूच शकणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आणि वक्तृत्वस्पर्धेत पहिली आल्यापासून मला कुणी 'तुला जमणार नाही' म्हटलं, की संपलंच. मी खणखणीत आवाजात विचारलं. वर टाळी मिळेल म्हणून जरा थांबलेसुद्धा.

बाबांनी हँडल फिरवत काच खाली घेतली. "म्हण की. तुझ्यापेक्षा कमी वेळा आजारी पडते."

सगळ्या खिदळल्या, पण बाबांच्या बाजूने. मी पैज जिंकले आणि तोंडावर पडले, दोन्ही एकदमच. संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "गाडी काढून टाकू या. पोरीला लाज वाटते तिची."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नंतर थोडी लाज वाटली, पण ती आनंदाच्या खाली दबून गेली.

माझे बाबा कवळ्या बनवतात. दिवसभर दुसऱ्यांच्या दातांचे साचे घासायचे, आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांसाठी जुन्या गाड्या बघायला जायचं, हे त्यांचं आयुष्य. नात्यातल्या कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की पहिला फोन बाबांना. लहानपणी मीही मागच्या सीटवर असायचे. बाबा सकाळी सकाळी गाडी विकणाऱ्याच्या दारात उभे राहायचे, गप्पा मारायचे आणि मग बॉनेटवर तळहात ठेवायचे. किती वेळ तसाच ठेवायचे. मला वाटायचं, घोड्याच्या पाठीवर ठेवतात तसा लाडाने ठेवतात. इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. मला माहीत होतं ना, मग विचारायचं कशाला.

आमची गाडी बघायला एक नर्सबाई येणार होत्या. त्यांची ड्युटी अवेळी असायची आणि आधीच्या गाडीने त्यांना दोनदा भर रस्त्यात सोडलं होतं. त्यांना चकचकीत काही नको होतं, किल्ली फिरवली की चालू होणारी गाडी हवी होती. अशी गाडी म्हणजे आमचीच. बाबा फोनवर त्यांच्याशी इतकं बोलले, की आई म्हणाली, "अहो, गाडी विकताय की मुलगी देताय?"

त्या येणार त्या सकाळी ऊन रणरणत होतं. मी विचार केला, बाई दमून येणार, कोंदट गाडीत बसल्या की मन उडायचं. त्यापेक्षा दार उघडल्याबरोबर गारेगार वाटलं पाहिजे. बाबा अंघोळीला गेले होते, स्वयंपाकघरात आईचा मिक्सर घरघरत होता. मी खुंटीवरची किल्ली घेतली, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले, गाडी सुरू केली आणि एसी लावून बसले. गाडी एका झटक्यात सुरू झाली, नेहमीसारखीच. मी आरशात बघून केस सारखे केले, नर्सबाईंसाठी एक छोटं भाषणही तयार केलं. फाटक वाजलं तशी इंजिन बंद करून हळूच बाहेर आले. कुणाला सांगायचं नव्हतं. गाडी विकली गेली की मग ऐटीत सांगणार होते.

"या बाई," बाबा म्हणाले. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस अजून ओले. "गाडी कालपासून जागची हललेली नाही. तुम्हीच पहिल्यांदा सुरू करा."

नर्सबाई हसल्या. "थांबा, आधी तुम्ही सांगितलेलं करते." आणि त्यांनी बॉनेटवर तळहात ठेवला.

चटकन उचलला.

मला अजून काही कळलं नव्हतं. मी भाषणाचं पहिलं वाक्य जुळवत होते.

"उन्हात होती का?" त्यांनी विचारलं. किती चांगल्या होत्या. आमची सुटका व्हावी म्हणून विचारलं त्यांनी.

शेडमध्ये सावली होती. बाबांनी स्वतः हात ठेवून बघितला. मग म्हणाले, "नाही. इंजिन चालवलंय कुणीतरी."

"तुम्हीच म्हणाला होतात ना भाऊ, गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर समजायचं, थंड असताना ती सुरू व्हायला त्रास देते आणि मालक लपवतोय. कुणाचीही असो, माझीही असो, असं म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. ते बरोबरच आहे."

तेव्हा मला कळलं. बाबांनी माझ्याकडे एकदा बघितलं, माझ्या मुठीतल्या किल्लीकडे बघितलं, आणि नजर काढून घेतली. बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. ते म्हणाले, "चूक आमच्या घरातली आहे, बाई. उद्या सकाळी परत या, गाडी थंड असेल."

"बघते," नर्सबाई म्हणाल्या. "आज संध्याकाळी आणखी एक गाडी बघायची आहे. एका एजंटाकडे आहे. दिसायला छान आहे म्हणे."

सगळ्या शाळेसमोर जिचा आवाज थरथरत नाही, ती मी तिथे उभी होते. 'मी केलं' एवढे दोनच शब्द हवे होते. ते निघाले नाहीत. फाटक लागल्याचा आवाज आला, तरी निघाले नाहीत.

आत आल्यावर बाबांनी शर्ट बदलून जुना बनियन घातला. आई ट्रेमधला चहा परत पातेल्यात ओतत म्हणाली, "आता ती बाई दवाखानाभर सांगेल. लोकांना शहाणपण शिकवतो आणि स्वतः गाडी तापवून ठेवतो म्हणेल."

"म्हणू दे," बाबा म्हणाले. "मला त्याचं काही नाही. ती आता त्या एजंटाची गाडी घेईल आणि पुन्हा रस्त्यात अडकेल."

"एसीसाठी केलं मी," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "त्यांना गार वाटावं म्हणून. हात का ठेवतात ते मला माहीतच नव्हतं."

"मागे बसून बघत तर असायचीस."

"मला वाटायचं तुम्ही लाड करता तिचे."

आईला हसू आलं, ते तिने गिळलं. बाबा हसले नाहीत. "कळलं मला, मुद्दाम नाही केलंस," ते म्हणाले. "पण तेव्हा गप्प का राहिलीस?"

उत्तर मला माहीत होतं. सगळ्यांच्या देखत मला वाईट दिसायचं नव्हतं, बाबा दिसले तर चाललं. हे मनात नीट म्हटल्यावर कानांच्या पाळ्यांपर्यंत गरम झाले. बाबांकडे बघवेना, आईकडेही बघवेना.

मी चप्पल पायात घातली.

"आता कुठे निघालीस?" आईने विचारलं.

"नर्सबाईंकडे. संध्याकाळ व्हायच्या आत. तुम्ही दोघंही येऊ नका, फोनही करू नका. आमची गाडी घ्या असं मी म्हणणार नाही, त्यांना हवी ती घेऊ देत. पण गाडी मी तापवली आणि बाबांना पुढे करून मी गप्प उभी राहिले, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडाने सांगून येणार आहे."