सुमीचा गुरुवार

तेजश्रीला घरात काहीही म्हटलेलं चालायचं. भांडकुदळ म्हणा, उंडगी म्हणा, वांड म्हणा, ती हसण्यावारी न्यायची. फक्त ‘सुमी’ म्हणायचं नाही. आणि त्या दिवशी सकाळी सम्राटनं नेमकं तेच म्हटलं.

सम्राट तिचा थोरला भाऊ. रांजणगावच्या कंपनीत कामाला. गाडीला किक मारता मारता म्हणाला, “सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत शनिवारपतुर हाय. शाळंत जाऊन दाखला काढ. तुझी सही लागती, न्हाईतर म्याच आणला असता.”

“त्या शाळंची पायरी चढणार न्हाई म्हणून सांगितलंय ना एकदा.”

“मग बस जलमभर कांदं निवडत. सुमी कुठली.”

तेजश्रीच्या हातात तांब्या होता. तो हातात राहिला नाही. गाडीच्या मडगार्डला लागून ठणठणत उकिरड्यापर्यंत गेला, तोवर सम्राट वळणापलीकडं दिसेनासा झाला. चुलीपुढून आई, जाईबाई, म्हणाली, “पोचा आला असंल तर आजपासनं त्यातनं तूच पाणी पी.”

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता घरून अभ्यास करून दहावीला बसायचं. तेजश्रीनं नववीत शाळा सोडली होती. सहामाहीचे पेपर वाटताना गणिताच्या बाईंनी तिचे मार्क वर्गापुढं वाचले. हिनं पेपर टराटरा फाडला, तुकडे टेबलावर ठेवले, दप्तर उचललं आणि भर दुपारी घर गाठलं. आता त्याला दोन वर्षं होत आली. बाईंनी अपमान केला, असं ती सांगायची. वडगाव रासाईत कुणी जास्त खोदून विचारलं नाही. त्या पोरीचं डोकं म्हणजे तापला तवा, पाण्याचा थेंब पडला तरी चर्र करणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी ती आणि तिची नवी वहिनी हौसराव आप्पांच्या कांदाचाळीत कांदे निवडायला गेल्या. वहिनीचं नाव माया. नदीपल्याडच्या राहूची. बारावी झालेली, तेजश्रीपेक्षा तीनेक वर्षांनी मोठी. पण रीत म्हणून धाकट्या नणंदेलाही ‘ताई, तुम्ही’ करायची. लग्नाला दोन महिने झाले तरी विचारल्याशिवाय तोंड उघडायची नाही. तेजश्रीनं पहिल्याच आठवड्यात तिच्यावर शिक्का मारून टाकला होता, की ही घुमी आहे, हिच्यात काही दम नाही.

तेजश्रीचे हात झपाझप चालायचे. आतून सडलेला कांदा ती हात न लावता, नुसत्या सालीवरून ओळखायची. निम्मं पोतं झालं असेल, तेवढ्यात माया हळूच म्हणाली, “ताई, एक इचारू? सकाळी ह्यांनी सुमी म्हणलं, ती ‘दिया दौड’मधलीच का?”

तेजश्रीचा हात थांबला. “तुम्हाला काय म्हाईत?”

“आम्ही बघायचो की. माझा भाऊ आन् मी.”

‘दिया दौड’ हे जपानी कार्टून. हिंदीतून बोलायचं, तीन वर्षांमागं रोज संध्याकाळी केबलवर लागायचं. त्यात डोंगरातल्या एका गावातल्या पोरी पेटता कंदील घेऊन डोंगर पार करायची शर्यत पळायच्या. एकीनं पळायचं, पुढचीच्या हातात कंदील द्यायचा. वाटेत विझला की अख्खी टोळी बाद. टोळीची म्होरकी काझुको. वडगावच्या पोरांनी तिचं काजू करून टाकलं होतं. तेजश्रीचा काजूवर भलता जीव. काजूसारखे केस पाहिजेत म्हणून तिनं आईच्या शिवणाच्या कात्रीनं स्वतःच कापले होते आणि बेदम मार खाल्ला होता.

सुमी त्या टोळीत शेवटची पळणारी. ऐन शर्यतीत, पुलावर, तिनं कंदील खाली ठेवला आणि सरळ घरी निघून गेली. तेजश्रीनं तिथंच उठून टीव्ही बंद केला. अख्ख्या आळीत केबल त्यांच्याच घरी होती. पोरं ओरडत राहिली, पण हिनं पुन्हा ते कार्टून कुणाला लावू दिलं नाही. वर आळीला एक शिवी देऊन ठेवली. अर्ध्यातनं पळाला, की सुमी. मग नववीत ती स्वतः अर्ध्यातनं आली, आणि तिनंच पाळलेली शिवी तिलाच चावायला लागली.

“भित्री व्हती ती,” तेजश्री म्हणाली. “कंदील ठिवला आन् गेली घरला. म्या तितंच टीव्ही बंद केला.”

“पण ती परत आली की.”

“कवा?”

“बुधवारी.”

आता हा बुधवार काय होता, ते सांगायला पाहिजे. त्या काळात लोडशेडिंगनं नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं केली होती. वडगावात सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळची लाईट जायची. राहूला मंगळवार, गुरुवार, शनिवार. म्हणजे एकच गोष्ट, पण अलीकडच्या पोरांनी एक दिवसाआड बघितली आणि पलीकडच्यांनी मधले दिवस बघितले. सुमीनं कंदील ठेवला मंगळवारी. तो वडगावनं बघितला. बुधवारी काय झालं, ते राहूला ठाऊक.

“सकाळी उठून ती परत त्याच पुलावर आली,” मायानं सांगितलं. “कंदील तिथंच पडला व्हता. एकटीच पळाया लागली. तितं संपलं.”

“आन् मग?”

“मग जिंकली आसंल.”

“आसंल म्हंजी?”

“गुरुवारी आमच्यात लाईट न्हवती ना. पण शुक्रवारी सगळ्याजणी एका ताटात जेवत बसलेल्या दाखवल्या. हरलेलं माणूस आसं जेवतंय व्हय?”

पलीकडच्या ढिगावर बसलेली सोजराबाई मघापासून कान देऊन ऐकत होती. न राहवून म्हणाली, “कुणाची गं ही सुमी? सासरवरनं निघून आली का?”

“न्हाई ओ मावशी. कार्टून हाय ते.”

“आसंल बाई. पर गेली आन् परत आली, एवढंच ना? मग तुमी कशापायी भांडताय?”

तेजश्री मात्र मायाकडं टक लावून बघत होती. सडका कांदा हुडकावा तशी. “मला समजलं,” ती म्हणाली. “दादानं पढवलंय तुम्हाला. तेजीला सांग सुमी परत आली, म्हंजी तेजी जाईल शाळंत. व्हय का न्हाई?”

“अगं ए,” माया एकदम म्हणाली, “मी काय पोपट हाय का पढवायला? म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तू टीव्ही बंद करून बसलीस त्याला मी काय करू?”

नव्या सुनेनं नणंदेला भर बायकांत ‘अगं’ म्हटलं होतं. मायानं जीभ चावली. सोजराबाईनं पदर तोंडाला लावला, हसू दाबायला की काय कोण जाणे.

तेजश्रीला स्वतःचंच नवल वाटलं. तिला राग आलाच नाही. उलट दोन महिन्यांत पहिल्यांदाच घरात कुणीतरी राहायला आलंय असं वाटलं.

“मग दाखव,” ती म्हणाली. “तोंडाच्या वाफा नकोत.”

मायाचा भाऊ महेंद्र दौंडला कॉलेजात होता. स्टेशनबाहेरच्या गाड्यावर कसल्याही सीड्या मिळायच्या. मायानं शेजारच्या फोनवरून त्याला कळवलं. शुक्रवारी दुपारी तो सीड्या घेऊन वडगावात हजर. वर एक अट घालून, “मलाबी बसून बघू द्या. गुरुवारचं माझंबी राह्यलंय.”

प्लेअर शेजारून आणला. सम्राटनं लग्नाआधी रंगीत टीव्ही घेतला होता. मायानं सीडी पदराला पुसली, आत सरकवली आणि तिघं भिंतीला टेकून बसले. पहिल्याच मिनिटाला तेजश्री पुढं सरकली.

“काजूचं केस हिरवं हायत?”

“पहिल्यापासनं हिरवंच हायत,” महेंद्र म्हणाला.

“आमचा टीव्ही काळापांढरा व्हता.”

जिच्यासाठी मार खाल्ला, तिच्या केसांचा रंगसुद्धा आपल्याला माहीत नव्हता. तेजश्रीला ते जरा लागलं. पुढं आणखी लागत गेलं. तेव्हा काजू बोलली की तिच्या अंगावर शहारे यायचे. आता ऐकताना जाणवलं, की ही बया सारखी कुणाच्या तरी अंगावर ओरडतेच आहे. धाकटीला लागलंय, तरी पळ. एकजण रडतेय, तरी पळ. आणि ओरडून झालं की केस मागं टाकायचे. ते केस मागं टाकणंसुद्धा तेजश्रीनं उचललं होतं. तिनं हळूच हात मांडीवर घेतला.

मग मंगळवारचा भाग लागला. सुमी कंदील घेऊन रानातून पळत होती. तेजश्री एकाएकी म्हणाली, “थांबव. मागं घे.”

महेंद्रनं मागं घेतलं.

“अजून मागं.”

रानाच्या तोंडाशी कंदिलात नारिंगी ज्योत होती. एका वळणावर वारा आला, सुमीनं कंदील छातीशी धरला, बाही त्याच्यावर ओढली. त्यानंतर काचेत रंग नव्हता. नुसती राखाडी काच. पूल अजून लांब होता. सुमी विझलेला कंदील घेऊन, बाहीखाली झाकून, तशीच पळत होती. वाटेतली माणसं टाळ्या वाजवत होती आणि ती मान खाली घालून पळत होती. काळ्यापांढऱ्या टीव्हीत पेटलेली काच आणि विझलेली काच सारखीच दिसायची.

“काय झालं गं?” मायानं विचारलं.

“आधीच इझला व्हता,” तेजश्री म्हणाली. “पुलावर तिनं नुसता खाली ठिवला.”

पडद्यावर सुमी तशीच थांबलेली होती. महेंद्र पाणी प्यायला म्हणून उठला, तेव्हा तेजश्री टीव्हीकडं बघतच म्हणाली, “मला आठवीपासनंच गणित येत न्हवतं, वहिनी. समीकरणं सुरू झाली तवापासनं. शेजारणीचं बघून उतरवायची. बाईंनी समजलं का इचारलं की सगळ्यांसंगं मीबी मान हलवायची. मार्क वाचलं त्या दिवशी काय नवीन झालं न्हवतं.”

आता वहिनी चार शहाणपणाचे शब्द सांगणार, या भीतीनं तिनं अंग आखडून घेतलं. पण माया म्हणाली, “मला इंग्रजी येत न्हाई. बारावीला गाईड पाठ केलं व्हतं. गाईडमध्ये एका शब्दाची छपाई चुकली व्हती, मी ती चूकबी लिहून आले.”

तेजश्रीला फसकन हसू आलं.

बुधवारचा भाग मायानं सांगितला होता अगदी तसाच निघाला. मग गुरुवार लागला, तिघांनीही न बघितलेला. सुमीनं वाटेतल्या एका म्हातारीच्या चुलीवर कंदील पेटवून घेतला. पळाली, पडली, उठली. डोंगर उतरून मैदानात पोचली, तर शर्यत आदल्या दिवशीच उरकलेली. मैदानात एक माणूस सतरंज्या गुंडाळत होता. त्यानं विचारलं, कुठून आलीस? सुमीनं मागं डोंगराकडं बोट केलं. त्यानं खडू घेतला आणि फळ्यावर सगळ्यात खाली तिचं नाव लिहिलं. बस. सीडी संपली.

“जिंकली न्हाईच की,” माया म्हणाली. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “मी तीन वर्सं सगळ्यांना सांगतीय जिंकली म्हणून.”

“मलाबी सांगितलंस,” महेंद्र म्हणाला. “म्या वर्गात पैज लावली व्हती.”

तेजश्री हसायला लागली. भिंतीला टेकून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई स्वयंपाकघरातून बघायला आली आणि पोरीला झालं तरी काय म्हणून दारातच उभी राहिली.

“शेवटून पहिली आली, आई,” तेजश्री म्हणाली. “वहिनीची सुमी.”

शनिवारी सकाळी सम्राट सुट्टी टाकून गाडी काढून बसला होता. तेजश्री म्हणाली, “तू जा कामाला. माझ्यासंगं वहिनी येतीय.” त्यानं मायाकडं बघितलं. मायानं चप्पल घातली होती आणि ती कुणाला काही विचारणार नव्हती.

शाळेच्या ऑफिसात सही करायला काही फार वेळ लागला नाही. दाखल्याची घडी घालून तेजश्री व्हरांड्यात आली, तर समोरून गणिताच्या बाई. पळावं असं पायांना वाटलं. माया नेमकी तिच्या मागं उभी होती, त्यामुळं मागं सरकायला जागाच नव्हती.

“तेजश्री ना तू?” बाई म्हणाल्या. “दाखला घेतलास?”

“व्हय बाई. सतरा नंबर भरायचाय.”

“भर की. अभ्यास कसा करणार? गणिताचं काय?”

“गणित येत न्हाई,” तेजश्री म्हणाली. त्या इमारतीत हे वाक्य तिनं याआधी कधीच उच्चारलं नव्हतं. मग आणखी स्पष्ट केलं, “दहावीचं न्हाई. आठवीचंच येत न्हाई.”

बाईंनी तिच्याकडं जरा वेळ बघितलं. फाडलेला पेपर त्यांना आठवत असणार, पण त्या तसं काही बोलल्या नाहीत. “थांब इथंच,” म्हणून त्या आत गेल्या. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला.

फॉर्म त्याच दुपारी भरून झाला. सोमवारी चाळीत कांद्याच्या पोत्यावर आठवीचं जुनं, कव्हर फाटलेलं पुस्तक पालथं पडलं होतं. सोजराबाईनं ते कोपरानं बाजूला सारलं.

“तुमच्या सुमीचं काय झालं गं मग?”

“पोचली, मावशी,” तेजश्री म्हणाली. “पार उशिरा. सगळ्यांच्या मागनं.”

“बरं झालं बाई. काळजीच लागली व्हती.” तिनं एक सडका कांदा लांब फेकला. “आन् ती दुसरी? मघा तुमी सांगत व्हता ती, वरडणारी?”

तेजश्रीनं मायाकडं बघितलं. काजूच्या पुढच्या तीन सीड्या अजून बघायच्या होत्या.

“तिचं अजून काय खरं न्हाई,” ती म्हणाली. “बघून सांगते.”