शून्यावर राहिलेला चुंबक

सकाळी दहाला प्रयोगशाळेत आलेख छापायला घेतला आणि तेव्हा मला दिसलं. प्रोग्राममध्ये चुंबकीय क्षेत्र शून्य होतं.

ते मीच शून्य केलं होतं. जुन्या संशोधनाशी आपलं उत्तर जुळतंय का हे बघायला आधी चुंबक काढून टाकायचा, जुळलं की परत घालायचा, ही आमची रीतच. उत्तर इतकं देखणं जुळलं, की मी सगळ्यांना पेढे वाटले आणि चुंबक घालायचाच विसरले. पीएचडी करतेय म्हणे!

प्रोग्रामच्या त्याच आकड्यांवर विसंबून शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत आज अकराला चाचणी होती. लोखंड वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीभोवती तांब्याची नळी असते, तिच्यातून गार पाणी फिरतं. उष्णता लवकर वाहून जावी म्हणून आज त्या पाण्यात धातूचे अतिसूक्ष्म कण मिसळले होते. पण भट्टीचं चुंबकीय क्षेत्र असल्या पाण्याला अडवतं. पाणी मंदावलं तर नळी तापून फुटणार, पाणी लोखंडात जाणार आणि स्फोट होणार. भट्टीवर होते माझे वडील, कृष्णातआबा.

फोन कुणी उचलेना. भट्टीवर जाताना आबा तो ऑफिसात ठेवतात. स्कूटर काढली. तावडे हॉटेलच्या चौकात उसाच्या ट्रॉल्या आडव्या. मी रडत होते आणि ट्रॉलीवाल्यांना शिव्याही घालत होते.

पोचले तेव्हा भट्टीत लोखंड लाल झालं होतं.

"आबा, बंद करा! माझं आकडं चुकल्यात!"

आबा हसले. "तुझं आकडं? चुकायचं न्हाईत. शाळंपास्नं बघतोय की."

"घाबरलीया पोरगी," मालक अनेकांतशेठ म्हणाले. "चालू दे, कृष्णात."

समजावायला वेळ नव्हता. नळीतल्या पाण्याचं तापमान दाखवणारा काटा वर सरकत होता. मी भट्टीपाशी गेले आणि आबांना चिकटून उभी राहिले.

"हितं कशाला? भायेर हो!"

"आकडं बरोबर हायत न्हवं? मग मला काय हुतंय?"

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग काट्याकडं. हसू मावळलं. त्यांनी लाल बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

भट्टीची घरघर थांबली. शेठ ओरडत होते. आबांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"माझा इस्वास हाय तुझ्यावर," ते म्हणाले, "पर तू हितं हुबी ऱ्हायलीस आन् मला जोखीम घेववंना."

एक हात बटणावरच ठेवून दुसऱ्या हातानं त्यांनी मला भट्टीपासून मागं ढकललं.