ट्रेसची शेवटची ओळ

पाना केरूच्या खांद्यावर दुसऱ्यांदा बसला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज पत्रे दाबायच्या प्रेसशेजारी लॅपटॉप उघडून बसलेल्या शोएबलाही ऐकू आला. केरू कारखान्याचा वायरमन. जमिनीवर पडून तो एवढंच म्हणत होता, की सकाळीच सगळ्या तारा तपासल्या होत्या.

मारणारा निवृत्ती होता. तासाभरापूर्वी त्याच्या धाकट्या भावाची, नवनाथची, चार बोटं या प्रेसखाली गेली होती. अडकलेला पत्रा काढायला नवनाथनं हात आत घातला, कारण प्रेस चालू की बंद ते दाखवणाऱ्या, शोएबनं प्रोग्राम लिहून बसवलेल्या पडद्यावर हिरवं दिसत होतं, म्हणजे प्रेस थांबलेली. पत्र्यावरचं रक्त अजून वाळलं नव्हतं. ट्रेसची, म्हणजे बिघाड झाला की प्रोग्राम स्वतःच्या पायऱ्यांची जी यादी काढतो तिची, पहिली ओळ सुपरवायझरनं मोठ्यानं वाचली, 'तारेकडून उत्तर नाही', आणि सातपूरच्या त्या शेडला गुन्हेगार म्हणून केरू सापडला.

पण ट्रेस पहिल्या ओळीवर थांबत नसतो. कोणत्या ओळीला कोणी कामाला लावलं, ते तो मागं मागं सांगत जातो. शोएब एकेक ओळ उतरत गेला. सातवी, शेवटची, त्याच्या हातची होती. उत्तर आलं नाही तर लाल करू नकोस, आधीचाच रंग ठेव.

ती त्यानं उन्हाळ्यात लिहिली होती. हादऱ्यानं तार क्षणभर सुटायची, पडदा लाल व्हायचा, काम खोळंबायचं. शेवटी निवृत्तीच चहा घेऊन आला होता. म्हणाला होता, शोएबभाई, तुमचा पडदा नव्या नवरीवानी लाजून लाल होतो, त्याला जरा धीट करा. सगळे हसले होते. शोएबही हसला होता.

निवृत्तीनं पुन्हा पाना उगारला.

"थांबा," शोएब म्हणाला. "तार सुटली की पडदा लाल व्हायला हवा होता. तो मी होऊ दिला नाही. इथं लिहिलंय."

निवृत्ती वळला. कॉलर धरून त्यानं शोएबचं डोकं प्रेसच्या खांबावर आपटलं, एकदा, मग आणखी एकदा. शोएबच्या तोंडात दाताचा तुकडा आला.

"कोनाच्या सांगण्यावरून केलंस? नाव सांग."

जमिनीवरून केरू त्यांच्याकडं बघत होता. त्या दिवशी चहाला तोही होता.

"कोणाच्या नाही," शोएब म्हणाला. "यादी इथंच संपते."

केरूनं डोळे मिटून घेतले. निवृत्तीनं पाना उगारला, आणि तो हात बराच वेळ वरच राहिला.